मामांकडून दोन पाउंड

"मॅडम, माझा हात गेला," प्राची म्हणाली आणि धनुष्य स्टँडवर टेकवून खाली सतरंजीवर बसली.

पन्नास मीटरवरच्या टार्गेटवर तिचे सहा बाण होते. दोन वर निळ्यात, दोन डावीकडे लाल-निळ्याच्या सीमेवर, एक चुकून पिवळ्यात आणि सहावा कागद सोडून फोममध्ये. हे सहाही बाण एकाच मुलीने मारलेत असं कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता. ही मुलगी पंधरा दिवसांपूर्वी सहाच्या सहा बाण पिवळ्यात घालून मला "जरा बोअर होतंय" म्हणाली होती.

तो दसऱ्यानंतरचा गुरुवार होता. रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी. कंपाउंड धनुष्य मारणाऱ्या मुलींमधून चौघी राज्याच्या स्पर्धेला जाणार होत्या. प्राची चोवीस वर्षांची. बदलापूरला एका पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी सोडून तिने एक वर्ष मागून घेतलं होतं, वडिलांकडून आणि स्वतःकडूनही. मागची दोन वर्षं तिची निवड थोडक्यात हुकली होती. ते एक वर्ष रविवारी संपत होतं. सोमवारी लॅबमध्ये फोन करायचा की नाही, ते रविवारी ठरणार होतं.

माझं काम धनुष्यं लावून देण्याचं. बो टेक्निशियन. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मी क्वालिटी कंट्रोलला होते. मायक्रोमीटर, गेज, वजनकाटे, जे जे मोजतं ते बरोबर मोजतं की नाही हे तपासणं माझ्याकडे होतं. कारखाना बंद झाला तेव्हा घरी बसून आमच्या मांजर्लीत शिरणाऱ्या नदीच्या पुराची पातळी मोजण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. तेवढ्यात उल्हासनगरचा हरेश भेटला. त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान, आणि शिरगावात त्याने नवीन आर्चरी रेंज काढली होती. त्याला मशीनची जाण असलेलं माणूस हवं होतं. "कर्णिक मॅडम, तुमी फक्त मोजायचं. बाकी मै देख लेगा," असं त्याचं अपॉइंटमेंट लेटर होतं.

ज्यांनी धनुष्य फक्त रामायणाच्या चित्रात पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगते. कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. दोरी ओढताना मधल्या टप्प्यात सगळा जोर लागतो. तो टप्पा ओलांडला की कॅम वळतात आणि बराचसा भार स्वतःवर घेतात, म्हणून पूर्ण ताणून निवांत नेम धरता येतो. मधल्या टप्प्यात लागणारा सर्वात जास्त जोर म्हणजे ड्रॉ वेट. तो पाउंडात मोजतात. धनुष्याच्या वरच्या आणि खालच्या पात्याला एकेक बोल्ट असतो. ॲलन की नावाच्या षटकोनी पान्याने दोन्ही बोल्ट एकेक आटा, म्हणजे एक पूर्ण फेरा, आवळले की आमच्या या धनुष्याचं वेट साधारण दोन पाउंडांनी वाढतं. सैल केले की तितकंच कमी होतं. प्राचीचं धनुष्य मी स्वतः अठ्ठेचाळीस पाउंडांवर लावलं होतं.

"हात कुठे जात नाही," मी म्हटलं. "आठ दिवस सराव नाही, म्हणून असं होतं."

आठ दिवस धनुष्य तिच्या घरी होतं. खंडेनवमीला शस्त्रपूजेत ते हवं म्हणून तिचे वडील आदल्या बुधवारी येऊन घेऊन गेले होते. वडील म्हणजे गजाननशेठ. रेती-खडीचा धंदा, गावात शब्दाला वजन, आणि आमची रेंज ज्या जमिनीवर आहे तिचे मालक.

मी कामाला लागले. आधी बाण ज्यावर टेकतो तो रेस्ट तपासला. तो किंचित हलवला. मग दोरीतला पीप, म्हणजे ज्यातून बघून नेम धरतात ते भोक, सरळ केलं. मग बाणांची पिसं बदलली. प्राची मारत होती, बाण भटकत होते. दुपारी तिचे पहिले दोन बाण नेमापेक्षा बरेच वर गेले. बाण वर जातो म्हणजे तो जोरात सुटतो, हे मला कळायला हवं होतं. मी मात्र म्हटलं, "बघ, विश्रांतीने ताकद वाढलीये तुझी."

आणखी एक गोष्ट मी पाहिली आणि सोडून दिली. प्राची दोरी ओढताना धनुष्य आभाळाकडे उचलायला लागली होती. अंगाला न झेपणारं धनुष्य ओढताना माणूस असंच करतो. पाठ, खांदा, मान, सगळ्याची मदत घेतो. स्पर्धेत पंच याला हरकत घेतात, कारण त्या अवस्थेत बाण सुटला तर तो मैदानाबाहेर कोणाच्या गच्चीवर जाईल सांगता येत नाही. मी तिलाच ओरडले, "ही कुठली नवीन स्टाइल? हात खाली ठेव." तिने हात खाली ठेवायचा प्रयत्न केला आणि खांदा धरून थांबली. मला माझ्या त्या ओरडण्याची आजही लाज वाटते.

संध्याकाळी हरेश आला.

"मॅडम, क्या हुआ? शेठचा फोन आला होता. पोरगी घरी रडते म्हणून."

"धनुष्य ट्यून होत नाहीये."

"तो नया बाण दे दो ना. महागवाला."

"बाण बदलून काही होणार नाही."

"मॅडम, रविवारला पोरगी सिलेक्ट नाय झाली ना, तर शेठ बोलेल रेंज में दम नहीं. जमीन त्याची आहे. मी टार्गेट कुठे लावू, उल्हासनगरला कॅम्प नंबर चारच्या मार्केटमध्ये?"

त्या रात्री मी नीट झोपले नाही. मुलीचं वर्ष हातातून जात होतं आणि मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत बसले होते.

शुक्रवारी सकाळी रेंजवर पोचल्या पोचल्या मी जे गुरुवारी पहिल्या मिनिटाला करायला हवं होतं ते केलं. धनुष्य काट्याला लावलं. बो स्केल म्हणजे खाली हुक असलेला वजनकाटा. तो दोरीत अडकवून दोरी ओढली की सर्वात जास्त जोर तो दाखवतो. काटा चोपन्नावर गेला.

मी पुन्हा ओढली. चोपन्न. काटा तपासला. काटा बरोबर होता.

मग बोल्ट पाहिले. कारखान्यातल्या सवयीने मी बोल्ट लावून झाला की त्यावर आणि शेजारच्या भागावर नेलपॉलिशचा एक बारीक आडवा ठिपका देते. बोल्ट हलला की ठिपका तुटतो. दोन्ही ठिपके तुटले होते. भिंगातून पाहिलं तर ॲलन की जिथे जाते त्या सहा कोनांच्या खाचेत हळद बसली होती. आटे मोजले. वरचा बोल्ट चार आटे आवळलेला, खालचा दोन.

एवढ्यात प्राची आली.

"तू बोल्टला हात लावलास?"

"नाही मॅडम. ट्रस्ट मी. मी फक्त घरून आणलं, इकडे मारलं."

"मग कोणी?"

ती म्हणाली, "पूजेला घरात लय लोक होते."

आता सगळं जुळलं. बाण दिसायला कडक असतो, पण सुटताना तो ओल्या फोकासारखा वाकतो आणि हवेत सरळ होतो. किती वाकायचं ते ड्रॉ वेटवर ठरतं. वेट वाढलं की तोच बाण जास्त वाकतो आणि शेपूट भलतीकडे टाकतो. त्यात वरचं पातं खालच्यापेक्षा जास्त आवळलेलं, म्हणजे दोन्ही कॅम एका वेळी वळत नव्हते आणि बाण वरखाली नाचत होता. आणि हे सगळं ओढणारी मुलगी अठ्ठेचाळीसला सरावलेली. नाकापेक्षा मोती जड झाला होता. तिच्या हातात काहीच बिघडलेलं नव्हतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती हसली नाही की काही नाही, बाटलीतलं पाणी अर्धं पिऊन म्हणाली, "मी काल रात्री लॅबच्या मॅडमना परत येते म्हणून मेसेज टाइप करून ठेवला होता. पाठवला नाही."

मी हरेशला घेऊन गजाननशेठकडे गेले. वाटेत हरेश तीनदा म्हणाला, "प्यार से, मॅडम."

शेठ ओटीवर बसले होते. शेजारी त्यांचे मेव्हणे, म्हणजे प्राचीचे मामा. मोरिवलीचे बबनमामा. दसऱ्याला आलेले आणि भाचीच्या स्पर्धेपर्यंत थांबलेले. चहा आला. मी विचारलं, "शेठ, पूजेच्या वेळी धनुष्याचे बोल्ट कोणी फिरवले?"

शेठच्या चेहऱ्यावर अपराधीपणा वगैरे काही नव्हता. उलट ते खुलले.

"तं काय! सगल्यांनी फिरवलं. आमचे घरान नवमीला शस्त्रं मांडतान. कोयता, सुरी, डंपरचे पाने, समदं. यंदा पोरीचा धनुष्य मधी ठेवला. मंग मी बोललो, नुसतं हलद-कुंकू लावून काय व्हतंय, पोरीला कायतरी द्या. तुमीच सांगलंत ना मना त्या दिशी? एक आटा म्हंजे दोन पाउंड ताकद."

मी सांगितलं होतं. रेंज पाहायला आले तेव्हा ॲलन की त्यांच्या हातात देऊन, मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

"मग प्रत्येकाने एक आटा दिला?"

"मानाने," बबनमामा म्हणाले. "पयला मामाचा. मंग काकाचा. मंग आतोबांचा, दोन जावयांचा. शेवट घरधन्याचा."

"नाव पुकारून," शेठ म्हणाले. "मामांकडून दोन पाउंड. काकांकडून दोन पाउंड. बायांनी टाल्या वाजवल्या."

हळदीला आणि लग्नाला जसा आहेर पुकारतात, तसा सहा जणांनी माझ्या धनुष्याला आहेर केला होता. वरच्या बोल्टलाच चार का, तर खालचं टोक तांदळाच्या राशीत आणि झेंडूत होतं आणि तिथे वाकायला दोनच जावई तयार झाले. खरं तर एकच बोल्ट फिरवल्यामुळे प्रत्येकाने दोन नव्हे, एकच पाउंड दिला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही.

"शेठ, ते आटे काढावे लागतील. पोरीला झेपत नाही. बाण लागत नाहीत."

हरेशने चहात बिस्किट बुडवलं आणि ते बुडालं.

"काराचं?" बबनमामा म्हणाले. "मामाचा मान काराचा?"

"मान नाही, आटा."

"तोच मान हाय ना. देलेला परत घेतल्यावर लोका काय बोलतील? मामानी भाचीला देलं नी मॅडमनी काढून टाकलं. पयले त्यांचा काढा, जावयाचा."

"जावयांचा कसा काढणार?" शेठ म्हणाले. "जावई रुसला तं पोरगी मायेरी बसंल."

मी कारखान्यात युनियनच्या मीटिंगा पाहिल्या आहेत. त्या सोप्या होत्या. मी त्यांना तांत्रिक बाजू सांगितली, कागदावर कॅम काढून दाखवला, बाण कसा वाकतो ते खराट्याची काडी वाकवून दाखवलं. शेठ मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पन मॅडम, ताकद जास्त ती चांगलीच ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात एक विचार आला. मी विचारलं, "शेठ, उत्तरपूजा केलीत का?"

"कोनाची?"

"शस्त्रांची. गणपती आपण बसवतो, पूजा करतो, पण उत्तरपूजा करून, मूर्ती जरा हलवल्याशिवाय उचलतो का? धनुष्यात तुम्ही सहा जणांनी ताकद बसवली. उत्तरपूजा न करताच ते प्राचीने वापरायला नेलं. देवाचं देवाला परत दिल्याशिवाय शस्त्र कसं चालेल?"

शस्त्राची अशी उत्तरपूजा असते की नाही, मला आजही माहीत नाही. पण बबनमामा हळूच सरळ होऊन बसले.

"मॅडमचा बरोबर हाय, दाजी," ते म्हणाले. "ते राह्यलं."

"आणि ज्याने बसवली त्यानेच उतरवायची," मी म्हटलं. "दुसऱ्याने हात लावायचा नाही."

"अर्थात," मामा म्हणाले.

शनिवारी सकाळी आठ वाजता रेंजवर तीन गाड्या आल्या. सहाही जण आंघोळ करून आले होते. बबनमामांनी टोपी घातली होती. हरेशने नारळ आणला होता आणि तो टार्गेटच्या लोखंडी स्टँडवर फोडू का म्हणून विचारत होता. मी त्याला बाहेर पाठवलं. टेबलावर पांढरा कपडा, त्यावर धनुष्य. मी ॲलन की पुसून दिली आणि उलटा क्रम सांगितला. शेवटचा मान पहिला उतरतो. शेठ, मग जावई, आतोबा, काका, शेवटी मामा. प्रत्येकाने नमस्कार करून एकेक आटा मागे घेतला. मी शेजारी उभी राहून आटे मोजत होते. धाकट्या जावयाने भक्तीच्या भरात दीड घेतला, तो अर्धा परत करायला लावला. मामांनी शेवटचा आटा इतका सावकाश फिरवला की त्यात मुलीचा अर्धा सराव गेला.

काटा अठ्ठेचाळीसवर आला.

प्राचीने पहिला बाण मारला. पिवळ्यात. दुसरा पिवळ्यात. तिसऱ्याला तिचा हात मधल्या टप्प्यात थरथरला. सहाव्यापर्यंत ती पुन्हा धनुष्य वर उचलायला लागली होती. गुरुवारी दिवसभर, मी रेस्ट आणि पिसं बदलत असताना, तिने चोपन्न पाउंड शे-दीडशे वेळा ओढले होते. धनुष्य जागेवर आलं होतं, खांदा आला नव्हता. रविवारी बहात्तर बाण मारायचे होते.

मला उपाय माहीत होता. अजून एक आटा दोन्हीकडे मागे जायला जागा होती. शेहेचाळीस. पण सहा जण ओळीने प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. देवाचं देवाला दिल्यावर आता घरचंही काढायचं, हे त्यांना कसं सांगायचं ते मला सुचेना. उत्तरपूजेनंतरचा विधी मला येत नव्हता.

"मॅडम," प्राची म्हणाली, "अजून दोन कमी करा."

शेठ उठले. "कमी? अगो, मी सगल्यांना सांगलंय पोरगी साठ पाउंडचा धनुष्य वडते."

"पप्पा, तुम्ही सांगलंय. ओढायचं मला आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "सहा जणांनी मला ताकद दिली, मला एकानेही विचारलं नाही किती पाहिजे. मला शेहेचाळीस पाहिजे. कागदावर पाउंड नाही लिहीत, मार्क लिहितात."

मी ही मुलगी दोन वर्षं पाहतेय. वडिलांसमोर तिने एवढी वाक्यं सलग बोललेली मी कधी ऐकली नव्हती. शेठ बराच वेळ तिच्या खांद्याकडे बघत राहिले. त्याला बामाचा वास येत होता आणि तो त्यांच्यापर्यंत पोचला असावा. मग ते खाली बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "करा काय सांगते ते."

या वेळी ॲलन की मी प्राचीच्याच हातात दिली. तिने वर एक आटा, खाली एक आटा फिरवला.

पुढचं काम माझं होतं आणि ते आनंदाचं होतं. वेट बदललं की बाकी सगळं नव्याने जुळवावं लागतं. लाकडी चौकटीत वर्तमानपत्राचं पान ताणून दोन मीटरवरून त्यातून बाण मारायचा, याला पेपर ट्यूनिंग म्हणतात. बाण सरळ गेला तर गोल भोक आणि पिसांच्या तीन चिरा दिसतात. वाकडा गेला तर कागद शेपटीच्या दिशेने फाटतो. पहिलं पान उजवीकडे फाटलं, कारण कमी वेटला तोच बाण आता जरा ताठ वागत होता. रेस्ट केसभर हलवला. पाचव्या पानावर स्वच्छ भोक पडलं. बाण आता थोडा हळू जाणार म्हणून नेम धरायची साइटही थोडी खाली घेतली. मी ठिपके दिले, दोन्ही बोल्टवर. धनुष्य त्या रात्री माझ्या घरी राहिलं. गजाननशेठनी स्वतःच सांगितलं, "आमचे घरान नको."

रविवारी ऊन कडक होतं. पहिल्या छत्तीस बाणांत प्राची सहावी होती. शेजारची मुलगी पंचावन्न पाउंड ओढत होती आणि छान मारत होती. तिला ते झेपत होतं. उत्तरार्धात वारा सुटला तसे दमलेले खांदे डगमगायला लागले. प्राचीचा हात खालीच राहिला. शेवटच्या सहा बाणांना ती आणि ठाण्याची एक मुलगी चौथ्या जागेवर बरोबरीत होत्या. प्राचीचे सहाही पिवळ्यात गेले. त्या मुलीचा एक लालमध्ये गेला. एका मार्काने प्राची चौथी आली.

ती धावत माझ्याकडे आली नाही, वडिलांकडे गेली. शेठ तिला काही म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. रुमालाने त्यांनी आधी तिचं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

बबनमामा मात्र सगळ्यांना ऐकू येईल असे बोलत होते. ठाण्याच्या दोन अनोळखी पालकांना ते समजावून सांगत होते की, भाचीची निवड झाली ती मामामुळे. "दोन पाउंड मी येलेवर काढला म्हनून. नायतं गेली व्हती."

सोमवारी सकाळी रेंजवर कोणी यायच्या आत मी कपाटातून कोरा कागद काढला. कारखान्यात माल नापास झाला की एक रिपोर्ट भरायचा नियम होता. काय चुकलं, का चुकलं, कोणाचं चुकलं. अठ्ठावीस वर्षांत मी तो शेकडो वेळा दुसऱ्यांसाठी भरला. त्या दिवशी लिहिलं: गुरुवारचा पूर्ण दिवस वाया, खेळाडूच्या खांद्याला इजा. कारण: धनुष्य काट्याला लावलं नाही, कारण ते मीच लावलेलं होतं. जबाबदार: कर्णिक. सही केली आणि काट्याच्या वर भिंतीला चिकटवला.